रात्री दोन वाजता उतरणारा मास्क

हे प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. न हटणारा रक्तदाब, कधीमधी बिघडणारी हृदयाची लय आणि झोपेत अडणारा श्वास अशा रुग्णांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून हा रुग्ण बेतला आहे. त्याचे आकडेही बेतलेले आहेत. संशोधनाचे म्हणून पुढे जे आकडे येतील, ते मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

आले तेव्हा

पुरुष, वय ५३, बैठं काम. उंची १७० सेंमी, वजन ९६ किलो, मानेचा घेर ४३ सेंमी. सिगारेट नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री दारू. तक्रार एकच: बीपी हटत नाही.

टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशी तीन औषधं पूर्ण मात्रेत चालू होती. तरी दवाखान्यात बीपी १५८/९६. अशा वेळी पहिला संशय गोळ्या चुकण्याचा येतो. गोळ्या वेळेवर होत्या, रिकामी पाकिटं त्यांनी सोबत आणली होती. दंडाचा पट्टा योग्य मापाचा होता. दुखण्यावरच्या गोळ्यांची सवय नव्हती. मूत्रपिंडं ठीक, बीपी चढवणाऱ्या संप्रेरकांची तपासणी (अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर) ठीक. म्हणजे वैद्यकीय भाषेत 'रेझिस्टंट हायपरटेन्शन'.

२४ तासांचं बीपी मोजणारं यंत्र लावलं. दिवसाची सरासरी १५१/९२ आणि रात्रीची १४६/८९ आली. मला या दोन आकड्यांमधलं अंतर खटकलं. झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरायला हवा. यांचा जेमतेम तीन टक्के उतरत होता. त्यांचं शरीर रात्री झोपतच नव्हतं म्हणा ना.

आणखी दोन गोष्टी जुन्या फाइलमध्ये सापडल्या. सहा महिन्यांपूर्वी पहाटे छातीत धडधड होऊन ते तातडीच्या विभागात गेले होते. तिथल्या ईसीजीत ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वेडीवाकडी थरथर, दिसलं होतं आणि काही तासांत लय आपोआप जागेवर आली होती. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावं अलिंद, म्हणजे डावीकडचा वरचा कप्पा, मोठं, डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत थोडी जाड, पंपाची ताकद ६० टक्के, म्हणजे चांगली. दुसरी गोष्ट, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं म्हणून ते मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाऊन आले होते. प्रोस्टेटची गाठ वयाच्या मानाने काहीच नव्हती. गोळी दिली गेली, फरक पडला नाही, आणि तो विषय तिथेच राहिला.

बीपी एकाकडे, धडधड दुसऱ्याकडे, लघवी तिसऱ्याकडे. तिन्ही कागद एकाच फाइलमध्ये होते, पण एका वेळी कोणी वाचले नव्हते. मीही पहिल्या भेटीत वाचले नव्हते, हे कबूल करायला हवं.

बाईंचं मोजणं

दुसऱ्या भेटीला पत्नी सोबत आल्या. घोरता का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "घोरतो, पण ते आमच्याकडे वडिलांपासूनच आहे."

"अहो, ते सांगा ना," बाई मध्येच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "घोरण्याची सवय झाली हो डॉक्टर. मध्येच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी जागी होते. मनात आकडे मोजत बसते. एकदा तीसच्या पुढे गेले, मग हलवलं यांना."

झोपेत श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला 'ॲप्निया' म्हणतात. बाई तीसपर्यंत मोजत होत्या.

दिवसा पेंग किती येते हे पाहण्यासाठी एपवर्थ नावाची प्रश्नावली असते: आठ प्रसंग, २४ पैकी गुण, दहाच्या वर गेले तर पेंग प्रमाणाबाहेर आहे असं समजायचं. गृहस्थांनी स्वतःला ८ गुण दिले. मी तोच कागद बाईंना भरायला दिला. त्यांनी १४ दिले. या प्रश्नावलीचा असा वापर नियमात बसत नाही, पण मी तो करतो. स्वतःच्या पेंगेचा अंदाज माणसाला फार वाईट असतो. वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेल्याला तीच आपली नेहमीची तब्येत वाटते. सिग्नलला गाडी उभी असताना डोळा लागतो, हे त्यांनी नंतर, बरं वाटायला लागल्यावर सांगितलं.

घशातलं दार आणि डावं अलिंद

घोरण्याचा हृदयाशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न होता. तो समजावायला मी त्यांना एक कसरत करायला सांगितली. नाक चिमटीत धरा, ओठ मिटा आणि श्वास आत ओढायचा प्रयत्न करा. छाती आत खेचली जाते, बरगड्यांमध्ये ताण येतो, हवा मात्र येत नाही.

झोपेत स्नायू सैल पडतात. टाळूचा मऊ भाग, जीभ आणि घशाच्या भिंती एकमेकींवर येतात आणि वाट बंद होते. पण श्वासपटल थांबत नाही, ते ओढतच राहतं. छातीच्या पोकळीतला दाब त्यामुळे फार उणे होतो आणि त्या ओढीने हृदयाच्या भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. अलिंदाची भिंत पातळ असते, तिला हा ताण जास्त जाणवतो. वर्षानुवर्षं रोज रात्री असं होत राहिलं तर अलिंद मोठं होतं आणि त्याची वीजयंत्रणा बिघडायला जागा मिळते.

लघवीचं कोडंही इथेच सुटतं. अलिंद ताणलं की त्याला वाटतं रक्तात पाणी जास्त झालं. मग ते एक संप्रेरक सोडतं, जे मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला सांगतं. मूत्राशय भरतं, माणूस उठतो. प्रोस्टेट बिचारं विनाकारण बदनाम.

दुसरीकडे रक्तातला प्राणवायू घसरत असतो. मेंदूला धोका कळतो, तो क्षणभर जागा होतो आणि घशाचे स्नायू ताठ करतो. मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. या क्षणभराच्या जागेपणाची आठवण सकाळी राहत नाही. पण त्या क्षणी ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं उसळतात, नाडी धावते आणि बीपी एकदम वर जातं. हे रात्रीतून शेकडो वेळा होतं आणि सवय लागल्यासारखं दिवसाही टिकतं. जागेपणीसुद्धा अशा रुग्णांच्या सिंपथेटिक नसा, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणाऱ्या नसा, जास्त तापलेल्या असतात. शिवाय प्राणवायूचं हे चढणं-उतरणं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतं आणि दाह वाढवतं.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अचानक हृदय बंद पडून गेलेल्यांच्या वेळा तपासल्या होत्या. स्लीप ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात झाले होते, तर ॲप्निया नसलेल्यांत हेच प्रमाण २१ टक्के होतं. साधारणपणे हृदयाचे अपघात सकाळी उठल्यानंतर वाढतात. इथे घड्याळच उलटं फिरलेलं दिसतं.

तपासणी

संपूर्ण रात्रीची, प्रयोगशाळेतली झोपेची तपासणी केली. घरी करायची सोपी तपासणीही असते आणि बहुतेकांना ती पुरते. पण यांच्या हृदयाची लय बिघडून गेली होती, म्हणून मला मेंदूच्या लहरी आणि छाती-पोटाच्या हालचालीही हव्या होत्या. श्वास घसा बंद झाल्यामुळे थांबतोय की मेंदूच आज्ञा द्यायला विसरतोय, हे त्यातून नक्की कळतं. हा फरक पुस्तकी नाही. हृदयाचा पंप कमजोर असलेल्यांमध्ये दुसरा प्रकार बराच दिसतो आणि त्यावर एक विशिष्ट मशीन वापरल्यावर मृत्यू वाढल्याचं २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं.

यांचा अहवाल सरळ होता. तासाला ४२ वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला. ५ पर्यंत ठीक, १५ पासून मध्यम, ३० च्या वर तीव्र. जवळजवळ सगळे अडथळे घशातले. प्राणवायू सर्वात खाली ७१ टक्क्यांवर. झोपेचा २२ टक्के वेळ तो ९० च्या खाली. आणि एक ओळ मी पेनाने अधोरेखित केली: स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे 'रेम' झोपेत, तासाला ६१.

मशीन आलं

सीपॅप मशीनचं तत्त्व साधं आहे. मास्कमधून हलक्या दाबाची हवा सतत घशात सोडायची, म्हणजे वाट आतून फुगलेली राहते. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. यांना ११ सेंमी पाण्याच्या दाबाइतका दाब लागला. तोंड-नाक झाकणारा मास्क मिळाला. मशीन लावायला आलेल्या माणसाने पंधरा मिनिटांत सगळं समजावलं आणि तो गेला.

दीड महिन्याने ते परत आले. "रोज लावतो. काही उपयोग नाही. परत करायचं म्हणतो." बीपी १५६/९५.

मशीनमधल्या कार्डवरची नोंद पाहिली. ४५ पैकी ४३ रात्री मशीन चालू झालेलं. तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. मशीन चालू असताना तासाला फक्त ३.९ अडथळे, म्हणजे दाबही बरोबर. पण रोजची सरासरी २ तास ५० मिनिटं. तपशिलाचं पान उघडलं तर बहुतेक रात्री रेष एकाच ठिकाणी तुटत होती, दोनच्या आसपास.

दोन वाजता काय होतं?

"लघवीला उठतो. मास्क काढतो. मग परत कोण लावतंय."

इथे मी थोडा हसलो असेन. लघवीला उठणं कमी व्हावं म्हणून जे लावायचं, तेच लघवीला उठल्यावर उतरत होतं. पण यात हसण्यापलीकडचं एक आहे. रेम झोप रात्रीभर सारखी वाटलेली नसते, तिचा मोठा भाग पहाटेच्या बाजूला येतो. यांचे सर्वात वाईट अडथळे नेमके रेममध्ये. म्हणजे सौम्य भागात मशीन पहारा देत होतं आणि सर्वात धोकादायक तासांना पहारेकरी घरी जात होता. त्यांची धडधडही पहाटेचीच होती.

संशोधन काय म्हणतं

या टप्प्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, जो प्रत्येक रुग्णाने विचारायला हवा. "मशीनने हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालंय का?"

प्रामाणिक उत्तर: सरसकट नाही.

२००५ मध्ये स्पेनमधून आलेल्या एका निरीक्षणात तीव्र ॲप्निया असून उपचार न घेतलेल्या पुरुषांना दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले, सीपॅप घेणाऱ्यांना कमी. सगळ्यांना वाटलं, झालं काम. मग चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्या आल्या. त्यातली 'सेव्ह' ही सर्वात मोठी: आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले २,७१७ रुग्ण, सरासरी ३.७ वर्षं, निकाल २०१६ मध्ये. सीपॅप गटात १७ टक्क्यांना पुन्हा काहीतरी मोठं झालं, दुसऱ्या गटात १५.४ टक्क्यांना. फरक योगायोगाच्या मर्यादेतला, म्हणजे फायदा दिसलाच नाही. पेंग कमी झाली, मन बरं झालं, हृदयाचे अपघात कमी झाले नाहीत.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. रोजचा वापर सरासरी ३.३ तास. आमच्या गृहस्थांपेक्षा अर्धा तास जास्त, बस. शिवाय खूप पेंग येणारे आणि प्राणवायू फार खाली जाणारे रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते, कारण त्यांना वर्षानुवर्षं उपचाराविना ठेवणं योग्य नव्हतं. म्हणजे ज्यांना सर्वात जास्त फायदा व्हायचा ते बाहेर आणि जे आत होते ते अर्धी रात्र मशीनशिवाय.

२०२३ मध्ये तीन चाचण्यांमधल्या ४,१८६ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सरसकट फायदा तिथेही नाही. पण रोज चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांमध्ये धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा मी रुग्णांना सांगतो, पण एक खडा त्यासोबत टाकतो. रोज मास्क लावणारा माणूस बहुधा गोळ्याही वेळेवर घेतो आणि चालायलाही जातो. असा दोष संशोधक गणिताने काढायचा प्रयत्न करतात, तरी तो पूर्ण निघतो असं मला वाटत नाही.

तेव्हा मी त्यांना सांगितलं ते असं: अटॅक टळेल याची हमी मशीन देत नाही. बीपी काही अंकांनी उतरेल, पेंग जाईल, रात्रीचे ते झटके थांबतील. मात्र हे सगळं मास्क नाकावर असेपर्यंतच. आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), बीपीच्या गोळ्या, वजन, यातलं काहीही मशीनच्या भरवशावर सोडायचं नाही.

दोन वाजताची दुरुस्ती

उपाय किरकोळ होते. मास्कच्या पुढे नळी जिथे जोडली जाते तिथून ती सुटी करता येते, हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. मास्क तोंडावर तसाच ठेवायचा, नळी सोडायची, जाऊन यायचं, परत जोडायची. एवढंच.

दुसरं, मोठा मास्क काढून फक्त नाकाचा दिला. पण त्यांचं नाक कायम चोंदलेलं असायचं, तेव्हा आधी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे आणि मशीनला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर जोडला. तिसरं, आठवडाभर रोज संध्याकाळी जागेपणी, टीव्ही बघताना, अर्धा तास मास्क लावून बसायचं. अंधारात आणि झोपेच्या ताणात नव्या वस्तूशी ओळख होत नाही. दारू रात्रीची बंद, कारण ती घशाचे स्नायू आणखी सैल करते. आठवड्यानंतर आमच्याकडच्या सिस्टरांनी फोन केला, दोन आठवड्यांनी पुन्हा. माझ्या मते सर्वात जास्त काम या दोन फोननी केलं.

तीन महिन्यांनी सरासरी वापर ५ तास ४० मिनिटं. लघवीला एकदा उठणं, कधी तेही नाही. २४ तासांचं बीपी: दिवसा १४८/९०, रात्री १३४/८१. दिवसाचा आकडा फारसा हलला नव्हता, पण रात्रीचा उतार दिसू लागला होता.

ते हिरमुसले. इतकं करून सरासरीत सहा अंक? मी सांगितलं, हे अपेक्षेपेक्षा बरंच आहे. रेझिस्टंट हायपरटेन्शनच्या १९४ रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांच्या सीपॅपने सरासरी ३.१ अंक उतरले होते. उरलेलं काम गोळीचं. स्पायरोनोलॅक्टोन २५ मिग्रॅ चौथं औषध म्हणून सुरू केलं. अशा हट्टी बीपीवर चौथं औषध म्हणून तेच सर्वात उपयोगी, हे २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत दिसलं आहे. टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्त लवकर तपासलं. सहा आठवड्यांनी २४ तासांची सरासरी १३१/८०. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिनही याच काळात सुरू झालं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ होतं, हे मधल्या धावपळीत मागे पडलं होतं.

धडधडीबद्दल मी सावध आहे. उपचार न घेणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांमध्ये वर्षभरात फिब्रिलेशन परतलं, घेणाऱ्यांमध्ये ४२ टक्के, असं २००३ चं एक छोटं निरीक्षण सांगतं आणि ते सगळीकडे उद्धृत होतं. पण २०२१ मधल्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत पाच महिन्यांच्या सीपॅपने फिब्रिलेशनचा वेळ कमी झाला नाही. यांच्या सात दिवसांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात) लय ठीक होती. त्यावरून काही सिद्ध होत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी वय आणि बीपी यांच्या हिशेबावर घेतला, मशीनच्या कार्डावर नाही. ती गोळी चालू आहे.

वर्षानंतर

वजन ८७ किलो. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपॅटाइडच्या इंजेक्शनची चर्चा झाली होती. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे आणि चाचणीत वर्षभरात तासाचे अडथळे सरासरी २५ ते २९ ने उतरले. त्यांनी नको म्हटलं, आधी स्वतः बघतो म्हणाले आणि बघितलं.

नऊ किलो उतरल्यावर साहजिकच प्रश्न आला, आता मशीन सोडू का? अंदाजावर उत्तर देण्यापेक्षा मशीनशिवाय पुन्हा तपासणी केली. तासाला २७. खूप सुधारणा, तरी मध्यमच्या वरच्या टोकाला. त्यांची हनुवटी मुळातच थोडी मागे आहे, जिभेला जागा कमी. ती वजनाने बदलत नाही. मशीन राहिलं, दाब ११ वरून ९ वर आणला.

शेवटच्या कार्डावर सरासरी ६ तास ५ मिनिटं आहे. महिन्यातल्या चार रात्री कोऱ्या आहेत. प्रवासात होतो, म्हणाले, बॅग जड होते. मशीन बॅगेत पहिलं टाकायचं आणि मग बाकीचं, असं बाईंनी मी बोलायच्या आतच सांगून टाकलं. पोटॅशियमची तपासणी तीन महिन्यांनी, २४ तासांचं बीपी सहा महिन्यांनी.